कुऱ्हाड आणि भुंगेरा : सरईच्या अरण्याची कथा

नागपूरच्या ईशान्येस मैकल पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. या रांगांत अमरकंटक येथें नर्मदा उगम पावते, आणि तिला मिळणाऱ्या बंजर इत्यादि नद्यांच्या खोऱ्यांत एका वृक्षाचें विस्तीर्ण अरण्य शतकानुशतकें उभें आहे. या वृक्षास संस्कृतांत शाल आणि हिंदींत साल म्हणतात. मंडला-बालाघाटकडील रानांत त्याचें नांव सरई. महाराष्ट्रांतील सालई हा वृक्ष निराळा. त्याचा येथें संबंध नाहीं. सह्याद्रीच्या व विदर्भाच्या रानांत जो मान सागाचा, तोच मैकलच्या रानांत सरईचा. पश्चिमेकडील साग आणि पूर्वेकडील सरई यांची सरहद्द या टापूंत एकमेकींस भिडते. मराठी घरांत सरईचें झाड कोणी पाहिलेलें नसेल. परंतु धुपांत आणि मलमांत पडणारी राळ मात्र सर्वांच्या परिचयाची आहे. ती राळ म्हणजे याच झाडाचा वाळलेला चीक होय. पुढील कथेंत या राळेचें स्थान मोठें आहे, म्हणून तिचा उल्लेख आरंभींच केला.

या अरण्याचें आजचें रूप केवळ पाऊस आणि माती यांनीं ठरविलेलें नाहीं. गेल्या दीडशे वर्षांत त्यावर दोन हात सतत फिरत आले आहेत : एक माणसाच्या कुऱ्हाडीचा, आणि दुसरा एका भुंगेऱ्याचा. जंगलतोड ही मनुष्याची करणी आणि कीड हा निसर्गाचा कोप, अशी विभागणी करण्याची सामान्य रीत आहे. सरईच्या अरण्याचा इतिहास पाहिला असतां ही विभागणी टिकत नाहीं. कुऱ्हाडीनें भुंगेऱ्याला वाट करून दिली, आणि भुंगेऱ्यानें कुऱ्हाडीला निमित्त पुरविलें, असेंच वारंवार घडलेलें दिसतें.

प्रथम वृक्षाची ओळख करून घेतली पाहिजे. सरई हा उंच, सरळ बुंध्याचा व दीर्घायुषी वृक्ष आहे. वसंतांत त्याचीं जुनीं पानें गळतात, परंतु तो कधीं पुरता निष्पर्ण होत नाहीं. जुनें पान गळतें न गळतें तोंच नवी पालवी फुटते. मृगाच्या सुमारास त्याचें बीं पिकतें. त्या बियाला पांच पंख असतात, आणि वाऱ्याबरोबर गिरक्या घेत तें मातृवृक्षापासून दूर जाऊन पडतें. मात्र या बियाचें आयुष्य जेमतेम आठवड्याचें. तेवढ्या अवधींत पाऊस आला तर तें रुजतें, न आला तर व्यर्थ जातें. रुजल्यावरहि संकट संपत नाहीं. सरईचें रोप उन्हाळा, वणवा किंवा थंडी यांनीं वरून जळतें, पुढच्या वर्षीं मुळापासून पुन्हां फुटतें, आणि हा क्रम वर्षानुवर्षें चालतो. जमिनीखालीं मूळ पुरेसें बळावलें आणि डोक्यावर उजेड मिळाला, म्हणजे एके वर्षीं तें रोप उंच उठतें. म्हणून सरईचें रान मोडणें सोपें, पण पुन्हां उभें करणें अतिशय कठीण. सागाप्रमाणें रोपवाटिकेंत त्याच्या ओळी लावून काम भागत नाहीं.

आतां भुंगेऱ्याची ओळख. शास्त्रज्ञ त्याला होप्लोसेरांबिक्स स्पिनिकॉर्निस म्हणतात. जंगल खात्यांत त्याचें नांव सालबोरर, म्हणजे सालास पोखरणारा. काळपट तपकिरी रंग, एक ते अडीच इंच लांबी, आणि नराला शरीराहूनहि लांब मिशा, असें त्याचें रूप. पहिला पाऊस पडला कीं हे भुंगेरे झाडांच्या पोटांतून बाहेर पडतात. ज्या दिवसांत सरईचें बीं भुईवर उतरतें, त्याच दिवसांत सरईचा शत्रुहि हवेंत उडतो. ताज्या तुटलेल्या किंवा जखमी सरईच्या रसाचा वास त्याला दुरून येतो, आणि त्या रसावर तो असा लुब्ध होतो कीं पिऊन सुस्त पडल्यावर त्याला हातानें उचलतां येतें. मादी सालीच्या भेगांत शेंकडों अंडीं घालते. अळ्या प्रथम सालीखालचा कोवळा थर खातात, मग लांकडांत शिरतात. अखेरीस प्रत्येक अळी गाभ्यांत एक कोठडी कोरते, तिच्या तोंडाशीं चुन्यासारखें पांढरें झांकण बसविते, आणि आंत बसून पुढल्या पावसाची वाट पाहते. बाहेरून पाहणाऱ्यास फक्त बुंध्याशीं सांचलेला भुश्शाचा ढीग दिसतो.

येथपर्यंत वाचून हा भुंगेरा म्हणजे अरण्याचा हाडवैरी असें वाटेल. वस्तुतः सामान्य वर्षीं तो अरण्याचा झाडूवाला असतो. वादळानें पडलेलें, वीज पडून होरपळलेलें, म्हातारपणानें खंगलेलें झाड तो पोखरतो आणि मातीस परत देतो. निरोगी सरईवर त्याचें कांहीं चालत नाहीं; कारण कोवळी अळी सालींत शिरतांच झाड जखमेवाटे राळ सोडतें आणि अळी तींत बुडून मरते. ज्या राळेचा माणूस धूप करतो ती झाडाची ढाल आहे. परंतु ढाल कितीहि बळकट असली तरी एका वेळीं कांहीं वारच झेलूं शकते. भुंगेऱ्यांची संख्या अतोनात वाढली, आणि एकाच झाडावर शेंकडों अळ्या एकदम तुटून पडल्या, म्हणजे राळ अपुरी पडते आणि धडधाकट वृक्षहि मरतो. म्हणून खरा प्रश्न असा कीं, भुंगेऱ्यांची संख्या इतकी वाढते कशानें? त्याचें उत्तर शोधतांना कुऱ्हाडीकडे वळावें लागतें.

मंडल्याचा मुलूख गोंड राजांचा. तो १७९९ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली, तेव्हांपासून या अरण्याविषयींचे हुकूम नागपूरहून सुटूं लागले. तोंपर्यंत तेथें कुऱ्हाड नव्हती असें मुळींच नाहीं. डोंगरउतारावरील बैगा लोक बेवार पद्धतीनें शेती करीत. झाडें तोडून वाळवावीं, पावसापूर्वीं जाळावीं, राखेंत बीं फेकावें, आणि दोन-तीन वर्षांनीं जागा सोडून पुढें जावें, ही ती पद्धति. धरणी ही माता, तिच्या छातीवर नांगर चालवूं नये, अशी बैगांची श्रद्धा होती. याशिवाय बुंध्याभोंवतीं साल कोरून राळ काढण्याचाहि धंदा चाले, व त्यांत पुष्कळ झाडें मरत. तथापि हें सर्व तुकड्यातुकड्यानें होई. एके ठिकाणीं झाडें तुटलीं तरी दुसरीकडे तीं वाढत. लहान, तरुण आणि वृद्ध झाडें सर्वत्र मिसळलेलीं असत.

आगगाडीनें हें चित्र पालटलें. १८५३ सालीं मुंबई-ठाणें गाडी सुरू झाली. १८६७ सालीं अलाहाबादेकडून आलेली लोहमार्गाची शाखा जबलपुरास पोंचली, आणि १८७० सालीं मुंबई-कलकत्ता मार्ग तेथें जोडला गेला. लोहमार्गाच्या एका मैलास सुमारें दोन हजार स्लीपर, म्हणजे रुळांखालचीं आडवीं लांकडें लागत. वाळवी आणि पाऊस यांस दाद न देणारीं लांकडें या देशांत मुख्यतः तीनच : साग, देवदार आणि सरई. सातपुड्याच्या व मैकलच्या रानांत ठेकेदार शिरले ते या मागणीमुळें. कॅप्टन जेम्स फोर्साइथ या वनाधिकाऱ्यानें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावर लिहिलेला प्रसिद्ध ग्रंथ १८७१ सालीं निघाला. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना जंगलाच्या नासाडीची चिंता किती लागली होती हें त्यावरून समजतें. १८६४ सालीं डीट्रिख ब्रांडिस या जर्मन शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थान सरकारचें जंगल खातें स्थापन झालें, आणि १८६५ व १८७८ सालच्या कायद्यांनीं मोठमोठीं अरण्यें राखीव झालीं.

राखीव करण्यांत हेतु दुहेरी होता. नासाडी थांबवावी हा एक, आणि सरकारास इमारती लांकूड अखंड मिळत राहावें हा दुसरा. बेवारीवर बंदी आली. मंडला जिल्ह्यांत १८९० सालीं बैगाचक नांवाचा एक टापू राखून देण्यांत आला आणि बेवारीस तेवढ्यापुरतीच मुभा राहिली. वणवे अडविण्यासाठीं जाळरेषा आंखल्या गेल्या. पूर्वीं जें रान सरमिसळ होतें, तें हळूहळू एकजिनसी होऊं लागलें. सरईला अनुकूल तेवढें ठेवावें, इतर झाडें काढावीं, ठरलेल्या क्रमानें एकेका कूपांत तोड करावी, असा नियमबद्ध कारभार सुरू झाला. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. परंतु तींत दोन गोष्टी भुंगेऱ्याच्या पथ्यावर पडल्या. एक तर मैलोगणती एकाच जातीचीं व पुष्कळ ठिकाणीं सारख्याच वयाचीं झाडें दाटीनें उभीं राहिलीं. म्हणजे भुंगेऱ्याला एका घरांतून निघून दुसऱ्या घरीं जाण्यास अंतरच उरलें नाहीं. दुसरें असें कीं, तोडीनंतर रानांत ओंडके, शेंडे आणि मोडकीं खोडें पडून राहत. पावसाळ्यापूर्वीं तीं बाहेर काढलीं नाहींत, किंवा त्यांची साल सोलली नाहीं, तर पहिल्या पावसांत त्यांच्या वासानें भुंगेरे गोळा होत. एका ओंडक्यांतून पुढल्या वर्षीं कित्येक भुंगेरे निघत. कुऱ्हाडीनें जणूं त्यांच्यासाठीं पंगतच मांडून ठेवलेली असे.

१९२३ सालीं या सर्वांचें फळ दिसलें. मंडला व लगतच्या बालाघाट जिल्ह्यांतील रानांत सरई मोठ्या प्रमाणावर मरूं लागला, आणि ही सांथ १९२८ पर्यंत चालली. तींत सुमारें ७० लाख झाडें गेलीं असा हिशेब नमूद आहे. हा आंकडा डोळ्यांसमोर आणणें कठीण आहे. पावसाळ्यानंतर जेथें हिरवागार छत्राकार माथा दिसावा तेथें तांबूस पानांचीं झाडें उभीं, बुंध्याशीं भुश्शाचे ढीग, आणि सालीवरून ओघळून गोठलेली राळ, असा देखावा टेकडीमागून टेकडीवर पसरला. राळेच्या त्या धारा म्हणजे झाडांनीं केलेल्या अखेरच्या प्रतिकाराच्या खुणा होत्या.

डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ सालीं स्थापन झाली होती. तेथील कीटकशास्त्रज्ञ सी. एफ. सी. बीसन यांनीं या भुंगेऱ्याच्या जीवनक्रमाचा बारकाईनें अभ्यास केला. हिंदुस्थानच्या अरण्यांतील कीटकांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. या अभ्यासांतून जो उपाय निघाला त्याला सापळा-झाड म्हणतात. पावसाच्या आरंभीं एखादें सरईचें झाड पाडावयाचें, त्याचे तुकडे करून टोकांकडील साल ठेचावयाची, आणि रस पाझरूं द्यावयाचा. वासावर आलेले भुंगेरे ठेचलेल्या सालीच्या रेषांखालीं शिरून रस पितात व सुस्त होतात. मजूर त्यांना वेचतात, मोजतात आणि मारतात. तीन-चार दिवसांनीं रस आटला कीं ओंडक्याचें टोक पुन्हां कापून ठेचावयाचें. उपाय साधा, विषावांचूनचा आणि बराच गुणकारी. आजहि त्याहून चांगला उपाय निघालेला नाहीं. मात्र त्यांतील विरोधाभास लक्षांत घेण्याजोगा आहे. झाडें वांचविण्यासाठीं झाडें तोडावीं लागतात, आणि भुंगेऱ्याची जी दुर्बलता सापळ्यांत उपयोगी पडते तीच बेफिकीर तोडींत त्याचें बळ ठरते. पाडलेलें झाड वेळच्या वेळीं राखलें तर सापळा. विसरलें तर पाळणा.

भुंगेरे वेचणारे हात कोणाचे होते, हेंहि पाहिलें पाहिजे. जंगल राखीव झाल्यावर तोडीसाठीं मजूर हवे म्हणून खात्यानें अरण्यांत वनग्रामें वसविलीं. ज्या बैगा व गोंड कुटुंबांची बेवार बंद झाली, त्यांनाच तेथें राहण्यास जागा मिळाली. बदल्यांत कूपतोड, जाळरेषा आणि भुंगेऱ्यांची वेचणी हीं कामें त्यांच्या वांट्यास आलीं. रानाचा ऱ्हास बेवारीनें होतो असा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला, त्यांनींच वखारीच्या तोडींतून उद्भवलेली कीड हातानें वेचून काढली. या लोकांचें जीवन व्हेरियर एल्विन यांनीं १९३९ सालीं आपल्या ग्रंथांत नोंदविलें, तेव्हां बेवार ही बहुतांशीं आठवणीचीच गोष्ट होऊन बसली होती.

सांथ ओसरल्यानंतर अरण्याला जें रूप येतें तें पूर्वीचें नसतें. मेलेलीं झाडें कांहींशीं किडीनें पडतात, आणि पुष्कळशीं कुऱ्हाडीनें. कारण पोखरलेल्या लांकडाची किंमत पहिल्या एक-दोन वर्षांतच जी येईल ती येते. दोन्ही घाव एकाच जागीं बसले म्हणजे रानाला मोठमोठे उघडे डाग पडतात. उजेड मिळाला म्हणून सरईचीं जुनीं मुळें उसळून फुटावीं अशी अपेक्षा असते, आणि जेथें गवत आटोक्यांत असतें तेथें तीं फुटतातहि. परंतु जेथें गवत माजतें तेथें उन्हाळ्यांत वणवा येतो. खोलगट जागीं हिंवाळ्यांत दंव साचतें व कोवळी पालवी जळते. ओंडके ओढणाऱ्या गाड्यांनीं व गुरांनीं जमीन घट्ट होते. तेथें सरई मागें हटतो आणि ऐन, धावडा, बोंडारा, टेंभुर्णी अशा झाडांचें मिश्र रान, बांबूचीं बेटें किंवा घाणेरीची झुडपें पुढें येतात. केवळ किडीनें मेलेल्या रानांत उभीं खोडें कांहीं काळ सावली देतात, पडल्यावर ओल धरतात, त्यांत सुतारपक्षी अळ्या शोधतात आणि ढोलींत घरें करतात. सर्व लांकूड एकदम उचललें गेलें तर हा आसराहि जातो. अशा रीतीनें किडीनें उघडलेला डाग लहान राहावा कीं मोठा व्हावा, हें पुष्कळदां तोडीवरून ठरतें.

स्वातंत्र्यानंतर राज्यें बदललीं. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, आणि मंडला-बालाघाट नव्या मध्यप्रदेशांत राहिले. त्याच्या आदल्या वर्षीं बंजर खोऱ्यांतील कान्हा येथें राष्ट्रीय उद्यान झालें होतें. पुढें त्यांतील गांवें हळूहळू बाहेर हलविण्यांत आलीं, आणि त्यांच्या शेतांवर आज हरणांचीं कुरणें दिसतात. पाहुण्यांना अनादि वाटणारें तेथील दृश्यहि अशा रीतीनें इतिहासानेंच घडविलेलें आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास भुंगेरा पुन्हां उसळला. मंडला, बालाघाट आणि १९९८ सालीं मंडल्यापासून वेगळ्या झालेल्या दिंडोरी जिल्ह्यांत लाखों झाडें लागलीं. सापळा-झाडांची जुनी युक्ति पुन्हां वापरण्यांत आली. गांवोगांवच्या लोकांनीं नगावर मजुरी घेऊन भुंगेरे पकडले, आणि त्यांची मोजदाद कोटींच्या घरांत गेली.

या वेळीं मात्र वाद उघडपणें झाला. लागलेलीं झाडें पुढल्या पावसाआधीं तोडलीं नाहींत तर प्रत्येकांतून शेंकडों नवे भुंगेरे निघतील, असें वनाधिकाऱ्यांचें म्हणणें होतें. त्यांत तथ्य होतें. राळ गाळणारें प्रत्येक झाड मरणारच असें नाहीं, तें झुंजत असतें आणि पुष्कळदां सावरतें. किडीच्या नांवाखालीं मौल्यवान लांकूड काढलें जात आहे, असें टीकाकारांचें म्हणणें होतें. त्यांतहि तथ्य होतें. सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्या सुप्रसिद्ध निर्णयानें देशभर अनिर्बंध तोडीला लगाम घातला होता. सरईच्या किडीचा प्रश्नहि त्याच न्यायालयापुढें गेला. तज्ञांनीं झाडांची वर्गवारी केली. पुरीं मेलेलीं, वरून वाळूं लागलेलीं, भुस्सा पडत असूनहि माथा हिरवा असलेलीं, केवळ राळ गाळणारीं, असे टी-१ ते टी-७ वर्ग पाडण्यांत आले, आणि कोणतें झाड तोडावें व कोणतें राखावें याचा विचार वर्गावरून होऊं लागला. कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं झाड जगण्याची धडपड करीत आहे काय हें पाहण्याची रीत पडली, ही त्या वादाची मोठीच कमाई होय. दशक संपतां संपतां सांथ ओसरली.

सर्व दोष कुऱ्हाडीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. अवर्षणानें झाडें अशक्त होतात. वादळांनीं तीं उन्मळून पडतात. पावसाळा दीर्घ व दमट असला तर भुंगेऱ्याला तो मानवतो. आणि फार दाट व वृद्ध झालेलें रान न छाटल्यानेंहि संकट ओढवतें. माणसानें अरण्याला हातच लावूं नये असा याचा अर्थ नाहीं. घरांना तुळ्या हव्यात, आणि रानांत राहणाऱ्यांना रोजगारहि हवा. अर्थ इतकाच कीं तोड आणि कीड यांचा हिशेब एकाच वहींत मांडला पाहिजे. रान मिश्र जातींचें व मिश्र वयांचें राखावें. तोडलेला माल मृगाआधीं बाहेर काढावा, न निघाला तर सोलून ठेवावा. सांथीच्या वर्षांची वाट न पाहतां दरवर्षीं सापळे लावावे. आणि बुंध्याशीं पडलेला पहिला भुस्सा ज्यांच्या नजरेस पडतो त्या रानवासीयांस केवळ मजूर न समजतां राखणदार समजावें. यांतील एकहि गोष्ट खर्चिक नाहीं. सर्वांना लागतें तें लक्ष, आणि तेंहि सांथ नसतांना.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. सरईच्या अरण्यांत तिला आणखी एक अर्थ आला : तेथें कुऱ्हाडीनें पाडलेलें आणि विसरलेलें लांकूडच उभ्या वृक्षांना मारक ठरलें. मैकलच्या डोंगरांत आजहि पहिल्या पावसाबरोबर सरईचें बीं गिरक्या घेत खालीं येतें आणि भुंगेरा झाडांतून बाहेर पडतो. दोघेहि त्या अरण्याचे जुने रहिवासी आहेत. त्या वर्षीं कोणाची सरशी व्हावी हें ज्या गोष्टींवर अवलंबून असतें, त्यांतील एक तरी माणसाच्या हातची आहे : त्या पावसाआधीं रान झाडून स्वच्छ झालें कीं नाहीं.